व्हर्मिक्युलाईट: रोपांच्या ट्रेसाठी की परसबागेच्या काळ्या मातीसाठी?

पूर्णाकाठची

नमस्कार. आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात आहे. आमच्या बचत गटातील आठ जणींनी या वर्षी मिरची, वांगी आणि टमाटरची रोपे तयार करून मृग लागल्यावर गावातच विकायचे ठरवले आहे. मागच्या उन्हाळ्यात मी एकटीने घरामागच्या परसबागेत गादीवाफा करून मिरचीचे बी टाकले होते. पाणी दिल्याबरोबर काळी माती वरून लिंपल्यासारखी झाली, दोन दिवसांत तिच्यावर पापडी धरली, आणि उगवलेल्या बियांपैकी कितीतरी त्या पापडीखालीच वाकून राहिल्या. जी रोपे वर आली ती उपटताना मुळ्यांना मातीचे ढेकूळ चिकटून येई आणि ढेकूळ फोडले की बारीक मुळ्या त्याच्यासोबत तुटत. शेजारच्या कास्तकारांनी माझ्याकडून नेलेली बरीच रोपे लावणीनंतर माना टाकून गेली, आणि मला त्यांना तोंड दाखवणे अवघड झाले.

एका प्रशिक्षणात आम्हाला कप्प्यांच्या ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि व्हर्मिक्युलाईट (तापवून फुगवलेले खनिज) भरून रोपे करण्याची पद्धत दाखवली गेली. तेथून आल्यावर मी तालुक्याच्या एका कृषी केंद्रात व्हर्मिक्युलाईट मागितले, तेव्हा दुकानदाराने गांडूळखताचे पोते पुढे केले. ते नको म्हटल्यावर त्यांनी थर्माकोलसारख्या पांढऱ्या दाण्यांची पिशवी काढली. प्रशिक्षणात पाहिलेले दाणे तर सोनेरी आणि चमकदार होते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. २० ट्रे भरायचे असतील तर व्हर्मिक्युलाईट किती लागेल आणि ते कसे वापरावे? आमची परसबाग सुमारे एक गुंठा आहे. पापडी धरणारी ही माती भुसभुशीत करण्यासाठी त्यात व्हर्मिक्युलाईट मिसळले तर चालेल का? आणि आमच्या विहिरीचे पाणी खारे आहे, ते या रोपांना दिले तर काय होईल?

वरुडचा रोपवाला

ताई, दुकानदाराने जे दिले नाही तेच तुम्हाला हवे होते. पांढरे, खरखरीत आणि हलके दाणे म्हणजे पर्लाईट. तो ज्वालामुखीच्या काचेपासून बनतो, पाण्याचा निचरा करतो, पण स्वतः पाणी फारसे धरत नाही. व्हर्मिक्युलाईटचा दाणा तपकिरी-सोनेरी असतो, नखाने सोलला तर पोथीच्या पानांसारखे पापुद्रे सुटतात आणि चिमटीत दाबला तर तो चेपतो. गांडूळखताशी त्याचा संबंध फक्त नावापुरता आहे. कच्चा खनिज कण एकदम तापवला की त्याच्या थरांतील पाण्याची वाफ होते आणि तो अळीसारखा वळवळत लांब होतो, म्हणून लॅटिनमधील अळीच्या शब्दावरून त्याला हे नाव पडले. आमच्याकडेही सगळे त्याला ‘वर्मी’ म्हणतात, आणि त्यामुळे मागणी एकाची आणि पोते दुसऱ्याचे असे वारंवार होते. चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहून द्या आणि पिशवी उघडून दाणा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

९८ कप्प्यांच्या एका ट्रेमध्ये साधारण अडीच ते तीन लिटर मिश्रण बसते. मी भिजवून फुगवलेले कोकोपीट तीन भाग आणि व्हर्मिक्युलाईट एक भाग घेतो. पर्लाईट मिळाले तर तेही एक भाग घालतो, पण न मिळाल्यास अडत नाही. तुमच्या २० ट्रेना एकूण ५५ ते ६० लिटर मिश्रण लागेल, म्हणजे पाच किलोची कोकोपीटची एक वीट पुरेल, कारण ती फुगून सुमारे ७० लिटर होते. मिश्रणासाठी व्हर्मिक्युलाईट १५ लिटरच्या आत लागेल. मात्र त्याचा खरा उपयोग मिश्रणापेक्षा बियांवर झाकण म्हणून होतो, आणि नवीन माणसे नेमके तेच विसरतात. मिश्रण भरून, ओले करून प्रत्येक कप्प्यात बोटाने अर्धा सेंटिमीटर खळगा करावा, त्यात एक बी टाकावे आणि वरून बारीक दाण्याचे कोरडे व्हर्मिक्युलाईट जेमतेम बी झाकेल इतकेच पसरावे. एका ट्रेला पाऊण लिटर पुष्कळ झाले. या थराला पापडी धरत नाही, त्यामुळे कोंबाला डोके वर काढण्यासाठी झगडावे लागत नाही. हा थर पाणी धरतो आणि ट्रेवर हिरवे शेवाळही कमी येते. सगळे मिळून तुम्हाला ३० लिटर पुरेल, म्हणजे वजनाने तीन किलोच्या आसपास.

पेरणीनंतर ट्रे एकावर एक आठ-दहा रचून ठेवण्याची पद्धत चांगली आहे, पण तिच्यासोबत पुस्तकात जे प्लास्टिक गुंडाळायला सांगतात ते मे महिन्यात आपल्या भागात अंगाशी येते. मी पहिल्या वर्षी शेडखाली रचलेल्या ट्रेवर प्लास्टिक टाकले आणि दुपारचे ऊन तिरपे आत आल्यामुळे टमाटरचे बी अक्षरशः शिजले. मिरचीच्या बियांना २५ ते ३० अंश तापमान मानवते. बाहेर पारा ४४ वर असताना ट्रे घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावे, वर ओले पोते टाकावे आणि रोज हात लावून पाहावे. टमाटर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणि मिरची सहा-सात दिवसांनी डोके काढू लागते. पहिला कोंब दिसताच ट्रे हिरव्या जाळीखाली पसरावे, एक दिवसाचाही उशीर झाला तर रोपे पांढरी आणि उंच होतात. व्हर्मिक्युलाईट आणि कोकोपीटमध्ये जेवण नाही, असे समजून पहिली दोन खरी पाने आल्यावर आठवड्यातून एकदा लिटरला एक ग्रॅम १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारे खत द्यावे. टमाटर २५ दिवसांत आणि मिरची ३५ ते ४० दिवसांत लावणीला येते. मृगाला मिरचीची रोपे हवी असतील, तर एप्रिलच्या शेवटी ट्रे भरलेले असले पाहिजेत.

परसबागेबद्दल मी बोलत नाही, कारण आमची माती वेगळी आहे आणि मी रोपांचा माणूस आहे.

निवृत्त मृदाशिक्षक

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मी सविस्तर उत्तर देतो, कारण हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतो आणि उत्तरादाखल त्याला महागडे पोते विकले जाते.

व्हर्मिक्युलाईट हे अभ्रकाच्या कुळातील, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि लोह असलेले थरांचे खनिज आहे. त्याच्या थरांमध्ये पाणी राहते आणि थरांच्या पृष्ठभागावर कॅल्शियम, पोटॅशियम, अमोनियम यांसारखे अन्नद्रव्यांचे धनभारित कण धरून ठेवले जातात. या दोन गुणांसाठीच बागायतीत त्याला मोल आहे. आता आपल्या काळ्या मातीकडे पाहा. तिच्यातील चिकणमातीत स्मेक्टाईट हे खनिज मुख्य असते आणि तेही याच रचनेचे, थराथरांचे आहे. पाणी मिळाले की ते फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून आपल्या वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. थोडक्यात, व्हर्मिक्युलाईट जे दोन गुण विकते ते आपल्या मातीत जन्मतःच भरपूर आहेत. तिला पाणी किंवा अन्नद्रव्ये धरता येत नाहीत ही आपली तक्रारच नाही. ती पाणी सोडत नाही आणि मुळांना हवा देत नाही, ही तक्रार आहे.

हिशेब करूनच बघू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे आकारमान १५ घनमीटर होते. त्यात आकारमानाने फक्त दहावा हिस्सा व्हर्मिक्युलाईट घालायचे म्हटले तरी दीड घनमीटर, म्हणजे १,५०० लिटर आणि वजनाने साधारण १५० किलो लागेल. एवढे करून काय मिळेल? चांगल्या काळ्या मातीची धनकण विनिमय क्षमता, म्हणजे असे धनभारित कण धरून ठेवण्याची शक्ती, किलोला ५० सेंटिमोलच्या जवळपास असते आणि व्हर्मिक्युलाईटची १०० ते १५०. आकडा दुप्पट दिसतो, पण फुगवलेले व्हर्मिक्युलाईट इतके हलके असते की आकारमानाचा दहावा हिस्सा वजनात एक टक्काही भरत नाही. म्हणून मिश्रणाची क्षमता ५० वरून ५१ सुद्धा होत नाही. वरुडच्या रोपवाल्यांनी तुमच्या २० ट्रेना तीन किलो सांगितले आहे आणि बागेला १५० किलो घालूनही फरक दिसणार नाही. शिवाय ओल्या, जड मातीत पायाखाली आणि फावड्याखाली त्याचे पापुद्रे चेपतात आणि चेपलेला दाणा पुन्हा फुगत नाही. मोकळी हवा खेळावी म्हणून घातलेली वस्तू दोन हंगामांत चिखलाचा भाग होऊन जाते.

तुमच्या वर्णनातील एका गोष्टीने मात्र माझे लक्ष वेधले. पाणी देताच माती लिंपल्यासारखी होणे आणि वर पापडी धरणे हे नुसते काळ्या मातीचे लक्षण नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरींच्या पाण्यात सोडियम अधिक असते. असे पाणी वर्षानुवर्षे दिले की चिकणमातीच्या कणांवरील कॅल्शियमची जागा सोडियम घेतो, कणांचे पुंजके सुटे होतात, सुटे कण पाण्यात विरघळल्यासारखे होऊन मातीची छिद्रे बुजवतात आणि वाळल्यावर कडक थर होतो. ही जमीन चोपण होण्याची, म्हणजे सोडियममुळे बिघडण्याची, सुरुवात आहे. व्हर्मिक्युलाईट येथे काहीही करू शकत नाही, उलट तेही सोडियम धरून ठेवील. येथे लागतो जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातील कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवतो, आणि हटलेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली किंवा बाहेर गेला पाहिजे. म्हणून जिप्सम पावसाळ्याच्या तोंडावर घालावा आणि बागेच्या कडेने पाणी वाहून जाण्यासाठी चर काढावा. चर नसेल तर सोडियम तेथेच फिरत राहतो. मात्र किती जिप्सम घालायचा हे माती परीक्षणाशिवाय कोणी सांगू नये आणि कोणी ऐकूही नये. नमुना जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात देता येईल. सामू आणि क्षारता यांच्यासोबत विनिमयक्षम सोडियमचे, म्हणजे मातीच्या कणांनी धरलेल्या सोडियमचे, प्रमाण तपासून मागा, कारण नेहमीच्या तपासणीत ते धरलेले असतेच असे नाही.

जोडीला दरवर्षी चांगले कुजलेले शेणखत, आणि पावसाळ्यात एखाद्या वाफ्यावर ढैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून फुलोऱ्याच्या आधी गाडणे. ढैंचा चोपण जमिनीत तग धरतो. माती ओली असताना तिला हात लावू नका, वापसा आल्याशिवाय खणलेली काळी माती वर्षभर सूड घेते.

धानपट्टा

मी भंडारा जिल्ह्यातून लिहीत आहे. शिक्षकांचे म्हणणे काळ्या मातीपुरते मान्य आहे, परंतु ‘बागेत व्हर्मिक्युलाईट घालूच नये’ असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. माझे घर मुरमाड बरडीवर आहे. सकाळी दिलेले पाणी दुपारपर्यंत गायब होते आणि शेणखत कितीही घातले तरी आपल्या उन्हात ते वर्षभरात जळून जाते. मी गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये मुरमाड माती, शेणखत आणि व्हर्मिक्युलाईट समप्रमाणात वापरतो. सांभार (कोथिंबीर) आणि पालक यांना पूर्वी उन्हाळ्यात दोनदा पाणी द्यावे लागे, आता एकदा पुरते. व्हर्मिक्युलाईट कुजत नाही, हा त्याचा शेणखताहून वेगळा गुण शिक्षकांनी हिशेबात धरलेला नाही.

ज्यांच्याजवळ राइस मिल आहे त्यांनी ट्रेच्या मिश्रणात पर्लाईटऐवजी धानाचे अर्धवट जळालेले, काळे तूस वापरून पाहावे. आमच्याकडे ते जवळपास फुकट मिळते आणि निचरा चांगला होतो. पूर्ण जळून पांढरी राख झालेले तूस मात्र घेऊ नये, ते रोपांना झोंबते.

निवृत्त मृदाशिक्षक

कुंडीबद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे. कुंडीत पाय पडत नाही, माती मोजकी असते आणि बरडीला धरण्याचीच शक्ती हवी असते. तेथे व्हर्मिक्युलाईटचे पैसे वसूल होतात. बरडीच्या एकरभर वावरासाठी मात्र मी ते आपल्यालाही सुचवणार नाही.

पूर्णाकाठची

आपण सर्वांनी इतके समजावून सांगितल्याबद्दल मनापासून आभार. माती परीक्षणासाठी नमुना काढून ठेवला आहे. पाण्याचा प्रश्न अजून बाकी आहे. शिवाय माझ्या भाच्याने मोबाईलवर वाचले की व्हर्मिक्युलाईटमध्ये ॲस्बेस्टॉस असते आणि त्याने फुप्फुसाचा आजार होतो. हे ऐकून गटातील दोघी जणी माघार घेण्याच्या विचारात आहेत. त्यांना काय सांगू?

निवृत्त मृदाशिक्षक

भाच्याने वाचलेले खोटे नाही, पण ते एका खाणीचे आहे. अमेरिकेतील मोंटाना राज्यात लिबी या गावी व्हर्मिक्युलाईटची मोठी खाण होती आणि तेथील खनिजासोबत निसर्गतःच ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले होते. त्या खाणीमुळे कामगार आणि गावकरी मोठ्या संख्येने आजारी पडले. ती खाण १९९० मध्ये बंद झाली. व्हर्मिक्युलाईट स्वतः ॲस्बेस्टॉस नव्हे. प्रश्न असतो तो ज्या खडकात ते सापडते त्याचा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००० मध्ये बागेसाठी विकल्या जाणाऱ्या मालाची तपासणी केली, तेव्हा बागकाम करणाऱ्यांना धोका अत्यल्प असल्याचे सांगितले, आणि तरीही तो माल ओला करून वापरण्याचा सल्ला दिला. भारतात व्हर्मिक्युलाईट मुख्यतः तामिळनाडू आणि आंध्र प्रदेशातून येते.

आपणही तेच करावे. कोणत्याही खनिजाची बारीक धूळ छातीत जाऊ नये, मग ती सिमेंटची असो की व्हर्मिक्युलाईटची. पिशवी उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून उघडावी, तोंडाला ओला रुमाल किंवा मास्क बांधावा, आधी पाणी शिंपडावे आणि मग हात घालावा. पिशवीच्या तळाशी उरलेली धूळ झटकू नये, पाणी टाकून ओतून द्यावी. बी झाकण्यासाठी ते कोरडे पसरायचे असते, ते काम मूठ खाली धरून हळू करावे. बांधकामात उष्णतारोधक म्हणून विकले जाणारे व्हर्मिक्युलाईट स्वस्त असले तरी रोपांसाठी घेऊ नये.

वरुडचा रोपवाला

पाण्याबद्दल. मोठ्या झाडाला जे खारे पाणी सहन होते ते कप्प्यातील रोपाला होत नाही, कारण कप्प्यात मूठभरही मिश्रण नसते आणि रोज पाणी उडून जाऊन क्षार मागे राहतात. पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसू लागल्या की समजावे. कोकोपीटमध्येही मूळचे क्षार असतात, म्हणून वीट फुगवल्यावर ती गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन, पिळून घ्यावी. हा टप्पा गाळू नका. तुमच्याकडे तर धुण्यासाठीही विहिरीचे पाणी वापरू नये.

२० ट्रेना दिवसाला साधारण २० लिटर पाणी लागते, फार ऊन असले तर ३०. एवढे नळयोजनेचे पाणी आठ घरांतून गोळा होऊ शकते. रोज एका घराने एक पिपा द्यायचा, असे ठरवून टाका. पहिला पाऊस आला की पत्र्यावरचे सुरुवातीचे मळके पाणी सोडून पुढचे टाकीत भरावे. त्याच्याइतके चांगले पाणी तुमच्या भागात रोपांना दुसरे मिळणार नाही. वरच्या थराचा रंग पाहून पाणी देऊ नका, तो थर लवकर वाळलेला दिसतो. ट्रे उचलून वजनाचा अंदाज घ्या, चार दिवसांत हाताला कळू लागते. संध्याकाळी उशिरा पाणी देऊ नका, रात्रभर ओल राहिली की मर, म्हणजे रोपे कोलमडण्याचा बुरशीचा रोग, लागते. व्हर्मिक्युलाईट भट्टीतून येत असल्यामुळे रोगमुक्त असते, परंतु जुने न धुतलेले ट्रे आणि जमिनीवर ओतून कालवलेले मिश्रण यांतून बुरशी परत येतेच. ताडपत्रीवर कालवा आणि बी घरचे असेल तर त्याला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळून घ्या.

पूर्णाकाठची

आज सात आठवड्यांनी परत लिहीत आहे. व्हर्मिक्युलाईट शेवटी अमरावतीहून मागवले, आणि पिशवी उघडून दाणा नखाने सोलून पाहिला तेव्हा दुकानदार हसले. २० पैकी १८ ट्रे चांगले साधले. मिरचीच्या ट्रेमध्ये ९८ पैकी ८० च्या पुढे रोपे सरासरीने उभी राहिली. उरलेले दोन ट्रे एका मैत्रिणीने गैरसमजातून बोटभर जाड थराने झाकले होते. तेथे निम्मे बी वर आलेच नाही. एक दिवस नळाला पाणी नव्हते म्हणून तीन ट्रेना विहिरीचे पाणी दिले आणि लगेच दुसऱ्या दिवशी गोड्या पाण्याने भरपूर धुऊन काढले, त्यांना विशेष इजा झाली नाही. रोप कप्प्यातून काढताना मुळ्यांच्या जाळ्यासकट अख्खा गोळा निघतो, हे पाहून मागच्या वर्षीचे तेच कास्तकार पुन्हा घ्यायला आले.

माती परीक्षणाच्या अहवालात सामू ८.६ आला आहे आणि सोडियम वाढलेला आहे. त्यांनी सांगितलेल्या प्रमाणात जिप्सम घातला, कडेने चर काढला आणि अर्ध्या बागेत ढैंचा पेरला आहे. वापरून झालेले मिश्रण, म्हणजे न उगवलेल्या कप्प्यांतले, पुढच्या वेळी पुन्हा ट्रेमध्ये भरावे का?

वरुडचा रोपवाला

ट्रेमध्ये भरू नका. एकदा चेपलेले व्हर्मिक्युलाईट तितके पाणी धरत नाही आणि त्यात मरीची बुरशी राहिलेली असू शकते. कढीपत्त्याच्या किंवा गुलाबाच्या कुंडीत टाका. जाड थर टाकलेले ते दोन ट्रे फेकण्याआधी दोन-चार कप्पे उकरून पाहा. बी फुगून कुजले असेल तर खोली जास्त झाली, आणि कोरडेच असेल तर पाणी खालपर्यंत पोहोचलेच नाही.